९५ सेंटिमीटरवरून दिसणारी गल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते. दाराच्या चौकटीवर एवढ्या उंचीची खूण करा, त्या खुणेच्या जरा खाली डोळे येतील असं वाका आणि मग आपल्या गल्लीत चार पावलं टाकून बघा. कडेला उभ्या असलेल्या गाडीपलीकडचं काहीच दिसत नाही. धूर थेट नाकाशी येतो. कुत्र्याचं तोंड बरोबर समोर येतं, आणि आपण ज्या गटारावरून न बघता ढांग टाकतो त्याची उघडी फट पायाहून रुंद वाटते. आज बोलायचं आहे ते मुलांसाठी सुरक्षित परिसर आणि त्यासाठी लागणारी सगळ्यांची भागीदारी याबद्दल, आणि पुढे जे काही येईल ते या उंचीवरून बघितलेलं आहे.

मुलांसाठी सुरक्षित परिसर म्हटलं की पहिली मागणी कॅमेऱ्यांची येते, मग फाटकाची, मग उंच भिंतीची. या तिन्हींमुळे वस्ती बंद होते. मुलं सुरक्षित होतात ती वेगळ्या कारणांनी: गाड्या हळू चालतात, मोठी माणसं बाहेर असतात, आणि इतर मुलंही बाहेर असतात. यातली एकही गोष्ट एकट्याला करता येत नाही. रस्ता नगरपालिकेचा असतो. शाळा सुटण्याची वेळ मुख्याध्यापकांच्या हातात असते. कोपऱ्यावर आडवी लावलेली गाडी दुकानदाराच्या गिऱ्हाइकाची असते, आणि संध्याकाळी ओट्यावर कोण बसतं ते रहिवाशांवर असतं. भागीदारी हवी ती एवढ्यासाठी.

अशी भागीदारी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुलांना खेळायला जागा नव्हती. १९४७ साली आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुविशारदाने शहराच्या नियोजन विभागासाठी एका चौकात पहिलं छोटं मैदान केलं. वाळूचा हौद, त्याला मोठ्यांनाही बसता येईल असा रुंद कठडा, उड्या मारायला गोल ठोकळे, लटकायला लोखंडी नळ्या, बास. मग आसपासचे लोक नगरपालिकेला पत्रं लिहू लागले की आमच्याही कोपऱ्यावर एक जागा पडून आहे. पुढच्या तीसेक वर्षांत अशी ७०० हून अधिक मैदानं झाली. जागा दाखवायची लोकांनी, बांधून द्यायची शहराने, असं ते वाटप होतं. यातली बरीच मैदानं कुंपणाशिवाय, सरळ रस्त्याच्या कडेला होती, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आपोआप मुलांवर राहायची.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. सुरुवात बैठकीने करू नका, फेरीने करा. पाच-सहा मुलांचा एक गट, सोबत दोन मोठी माणसं, हातात परिसराचा हाताने काढलेला नकाशा आणि तीन रंगांच्या टिकल्या: आवडती जागा, भीतीची जागा, आणि जिथे जाऊ देत नाहीत ती जागा. एक फेरी सकाळी शाळेच्या वेळी आणि दुसरी अंधार पडताना काढा, कारण एकच कोपरा या दोन वेळांना दोन निराळ्या जागा असतो. सहा वर्षांची आणि बारा वर्षांची मुलं एका गटात घालू नका. लहान मुलं गप्प बसतात आणि मोठी सांगतील ते खरं ठरतं. मुलींचा गट एकदा तरी वेगळा न्या. मुलगे मैदानाबद्दल बोलतात, मुली मैदानापर्यंतच्या वाटेबद्दल बोलतात, असं पुष्कळदा दिसेल. चाकांच्या खुर्चीतलं मूल परिसरात असेल तर ते फेरीत हवंच. दोन सेंटिमीटरची कड काय करते ते त्याच्याइतकं कोणी दाखवणार नाही.

या फेरीत हमखास होणारी चूक म्हणजे मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोबतचा मोठा माणूस देतो. त्याने फक्त लिहायचं आहे, मुलाच्या शब्दांत. "इथे घाण वास येतो म्हणून मी पळत जातो" असं मूल म्हणालं तर तसंच लिहा, कारण पळत जाणं हीच त्यातली धोक्याची बातमी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ खेळण्याच्या हक्काबद्दल आहे आणि कलम १२ मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दल. पहिल्याचं नाव खूप घेतलं जातं. दुसऱ्याशिवाय पहिलं नीट साधत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

फेरीनंतरच्या यादीत बहुतेक ठिकाणी वरच्या बाजूला वाहनांचा वेग असतो. इथे जरा थांबू या, कारण आकडे समजले की वाद कमी होतो. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी त्या सेकंदात ८ मीटरच्या थोडी पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर एकूण १३ मीटरच्या आसपास थांबते. ताशी ५० वेगाला त्याच एका सेकंदात ती जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे १३ मीटरवर चेंडूमागे मूल आलं, तर ३० ची गाडी मुलाच्या पुढ्यात थांबलेली असते आणि ५० च्या गाडीचा ब्रेक अजून दाबलेलाही नसतो. त्यातून लहान मुलांना समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही. "नीट बघून रस्ता ओलांड" हे सांगायला हवंच, पण सारी भिस्त त्यावर ठेवणं चूक आहे.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. सरळ रस्त्यावर ५० मीटर अंतर टेपने मोजा, दोन्ही टोकांना खडूने आडव्या रेघा मारा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या. ५० मीटर पार करायला गाडीला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०. साडेतीन सेकंदांच्या आसपास लागले तर ५०. अशा १०० गाड्या मोजा, शाळेची वेळ धरून. मोजणाऱ्याने फुटपाथवर किंवा आडोशाला उभं राहावं. चालकाला माणूस दिसला की तो वेग कमी करतो आणि नोंद खोटी पडते. मग वेग चढत्या क्रमाने लावून ८५ वा आकडा बघा, म्हणजे १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो वेग. नगरपालिकेच्या रस्ते विभागापुढे सरासरी नेण्यापेक्षा हा आकडा न्या. रस्त्याचं काम करणारे अभियंते त्याच भाषेत विचार करतात.

उपाय म्हणून लोक रातोरात स्वतःच गतिरोधक घालतात. हे करू नका. हाताने घातलेला उंचवटा अरुंद आणि टोकदार होतो, त्याला रंग नसतो, रात्री दुचाकीवाला पडतो, पावसाचं पाणी तुंबतं आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला धक्का बसतो. बरोबर गतिरोधक गोल पाठीचा, वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मध्ये जास्तीत जास्त १० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या आधी फलक, अंगावर पट्टे आणि कडेने पाणी जायला वाट लागते. त्याहूनही चांगला उपाय म्हणजे गल्लीचं तोंडच अरुंद करणं आणि कोपऱ्याची गोलाई कमी करणं. वळण घट्ट झालं की चालक आपोआप पाय काढतो. ओलांडण्याच्या जागेपासून निदान ५ मीटरपर्यंत एकही गाडी उभी राहता कामा नये, कारण ९५ सेंटिमीटरच्या मुलाला उभी गाडी पुरी झाकते. पक्कं बांधण्याआधी सहा आठवडे कुंड्या, जुनी टायरं आणि रंग वापरून सगळं तात्पुरतं मांडून बघा. कचऱ्याची गाडी आणि अग्निशमन दलाचा बंब वळतो का, ते तेव्हाच कळतं. पुढे वाद होणार असेल तर तोही तेव्हाच होऊ द्या.

नेदरलँड्समध्ये १९७६ साली अशा निवासी गल्ल्यांना कायद्यानेच वेगळा दर्जा दिला. तिथे माणसं रस्त्याची पूर्ण रुंदी वापरू शकतात, मुलं खेळू शकतात आणि गाडीने अगदी हळू जायचं. एवढं सगळीकडे लगेच होणार नाही. पण आठवड्यातले दोन तास गल्ली खेळासाठी बंद ठेवणं जमण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००९ साली पालकांनी हेच केलं आणि ती पद्धत पुढे अनेक शहरांत गेली. आधी नगरपालिका आणि वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी घ्या. मग प्रत्येक घरी चिठ्ठी द्या, तीही दाराखालून सरकवून न देता बोलून. रात्रपाळी करून दुपारी झोपणारा माणूस कुठल्या घरात आहे ते त्या बोलण्यातच समजतं, आणि त्याच्या खिडकीपासून लांबचा भाग खेळाला ठेवता येतो. गल्लीच्या प्रत्येक टोकाला चमकदार जाकिटातली दोन माणसं हवीत. अडथळा एका माणसाला उचलता येईल एवढा हलका ठेवा. रहिवाशाची गाडी आली तर शिट्टी वाजवायची, मुलं कडेला घ्यायची आणि एकाने गाडीपुढे चालत तिला आत न्यायचं.

हे उपक्रम बंद पडतात ते बहुधा दोन कारणांनी. एक, दर वेळी त्याच दोन बायका जाकीट घालून उभ्या राहतात आणि तीन महिन्यांत थकतात. पाळीचा तक्ता पहिल्याच दिवशी करा, प्रत्येक घराची पाळी सहा आठवड्यांतून एकदा. दुसरं, मोठी मुलं चेंडू घेऊन सगळा रस्ता व्यापतात आणि चार वर्षांची मुलं पुन्हा ओट्यावर जाऊन बसतात. रस्त्याचे खडूने तीन भाग करा आणि चेंडूचा भाग टोकाला ठेवा.

शाळेच्या वाटेसाठी चालती रांग उत्तम, म्हणजे मुलं थांब्याथांब्यावर येऊन मिळतात आणि एकत्र चालत शाळेत जातात. ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा, पुढे एक मोठा माणूस आणि मागे एक. सात-आठ मुलांमागे एक मोठा पुरतो. बालवर्गातली मुलं असतील तर तीन-चारांमागे एक धरा. थांब्यावर दोन मिनिटांहून अधिक थांबू नये आणि हजेरी रोज घ्यावी. मूल आलं नाही तर शाळेने आणि घराने एकमेकांना कळवायचं, हा नियम आधीच ठरवा.

आता एक अवघड विषय. "अनोळखी माणसापासून सावध" असं आपण मुलांना शिकवतो, पण मुलांवर होणारे बहुतेक लैंगिक अत्याचार ओळखीच्या माणसांकडून होतात. मुलांबरोबर काम करायला पुढे येणाऱ्या प्रत्येकाची ओळख आणि आधीच्या कामाची चौकशी करा, मग तो कितीही आदरणीय असो. कोणत्याही कामात एक मोठा माणूस आणि एक मूल एकटे असू नयेत. मुलांना वैयक्तिक संदेश पाठवायचे नाहीत. फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं तर ते कोणाला कळवायचं, त्या दोन व्यक्तींची नावं आणि फोन सगळ्यांकडे हवेत. दोन अशासाठी की तक्रार त्यातल्याच एकाबद्दल असू शकते.

हरवलेल्या किंवा घाबरलेल्या मुलाने कुठे जायचं, यासाठी दुकानांच्या दारावर खुणेचं चित्र लावतात. कल्पना चांगली आहे. दुकानदाराला मात्र पाच गोष्टी नीट शिकवाव्या लागतात: मुलाला आतल्या खोलीत न्यायचं नाही, समोर उजेडात बसवायचं, लगेच पालकांना आणि गरज वाटली तर पोलिसांना फोन करायचा, स्वतः घरी पोचवायला जायचं नाही, आणि खोदून खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. दुकान विकलं जातं आणि चित्र तसंच राहतं, हा इथला मोठा धोका. दर तीन महिन्यांनी कोणीतरी प्रत्येक दारावर जाऊन बघितलं पाहिजे.

खेळाच्या जागेबद्दल थोडक्यात. चढायच्या खेळण्याखाली काँक्रीट किंवा टणक माती नको. लाकडाच्या बारीक ढलप्यांचा किंवा वाळूचा ३० सेंटिमीटर जाड थर हवा, आणि तो महिन्याला उकरून पुन्हा पसरायला हवा, कारण तो दबतो आणि झोक्याखालून तर उडूनच जातो. खेळण्याच्या सर्व बाजूंना किमान १.८ मीटर जागा मोकळी ठेवा. झोक्याच्या पुढे-मागे याहून बरीच जास्त लागते. कठड्याच्या गजांमधली फट ९ सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि २३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ती धोक्याची: मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. घसरगुंडीच्या माथ्याशी बाहेर आलेला बोल्ट दिसला तर त्याच दिवशी कापून घ्या, कारण ओढणी किंवा टोपीची नाडी त्यात अडकून गळफास बसतो. आसपासची झुडपं गुडघ्याच्या थोडीच वर ठेवा आणि झाडांच्या जमिनीपासून दोन मीटरपर्यंतच्या फांद्या छाटा, म्हणजे नजर मधून आरपार जाते.

हे सगळं टिकतं ते एका कागदावर. प्रत्येक कामापुढे संस्थेचं नाव लिहू नका, माणसाचं लिहा, आणि त्याच्या शेजारी तो नसताना बघणाऱ्याचं. "बंद दिवे नगरपालिका बघेल" या वाक्याने दिवा लागत नाही. खांबाचा क्रमांक टिपून तक्रार कोण देणार, आठ दिवसांनी पुन्हा कोण विचारणार, हे ठरलं की लागतो. त्या कागदावर सफाई कामगार, रखवालदार आणि भाजीवाली यांची नावंही असू द्या. गल्ली दिवसभर खऱ्या अर्थाने तेच बघत असतात, आणि बैठकीला त्यांनाच बोलावायचं राहून जातं. बैठक त्यांच्या कामाच्या वेळेत ठेवू नका.

तीन महिन्यांनी त्याच ५० मीटरवर, त्याच वेळी, पुन्हा १०० गाड्या मोजा. तीच मुलं घेऊन तीच फेरी काढा, नवा नकाशा आणि नव्या टिकल्या घेऊन, आणि दोन्ही नकाशे शाळेच्या दाराशी शेजारी शेजारी लावा. जिथे भीतीची टिकली तशीच राहिली असेल तिथलं काम कागदावर कोणाच्या नावापुढे आहे, ते सगळ्यांना दिसू द्या.

नमस्कार.