भुईआवळीची परीक्षा

(दृश्य : लातूरजवळचं सोयाबीनचं रान. पाऊस नुकताच उघडलाय. कॅमेरा जमिनीलगत.)

श्रावणात सोयाबीन गुडघ्याला लागतं, तेव्हा धुऱ्याच्या कडेनं हे वीतभर झाड उगवलेलं असतं. पानं चिंचेसारखी बारीक. उभ्यानं पाहिलं तर नुसतं तण. फांदी पालथी केली की खालच्या अंगाला मोहरीएवढे हिरवे गोळे ओळीनं लटकलेले दिसतात. हेच तिचे आवळे. भुईआवळी. वैद्यांच्या ग्रंथांत भूम्यामलकी, रोजंदारीवर खुरपणाऱ्या बायांच्या लेखी मात्र कचरा. आणि आता तणनाशक आल्यापासून खुरप्याचीही वाट पाहावी लागत नाही.

(दृश्य : सकाळची वेळ. एका घराच्या ओट्यासमोर रांग. डोळे पिवळे झालेला एक मुलगा.)

काविळीचं औषध देणारं घर मराठवाड्यात कुठल्याही पंचक्रोशीत विचारलं तर कुणीतरी सांगतंच. वार ठरलेला. अनशापोटी यायचं. पाला वाटून ताकातून नाहीतर दुधातून द्यायचा. कुठं भुईआवळी, कुठं एरंडाचा कोंब. पैसे घेत नाहीत, घेतले तर औषधाचा गुण जातो म्हणतात. वर पथ्य : तेल बंद, हळद बंद, उसाचा रस चालेल, फुटाणे चालतील.

"आजोबा, किती दिवसांत उतरंल?"

"तीन रविवार धर. पथ्य मोडू नको म्हंजे झालं."

आजोबांचा अंदाज चुकीचा नाही. आपल्याकडची बरीचशी कावीळ पाण्यातून येते, हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे. जिथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, जुनी पाइपलाइन गटारातून गेलेली आहे आणि मिळेल ते पाणी टाकीत साठवावं लागतं, तिथं या विषाणूंचं फावतं. पण बहुतेकांची ही कावीळ काही आठवड्यांत आपली आपण उतरते. पाला घेतला तरी, न घेतला तरी. म्हणून रांगेतला मुलगा बरा झाला, यावरून पाल्याचा गुण सिद्ध होत नाही. पाला कुचकामी आहे हेही ठरत नाही. औषधाची परीक्षा घ्यायला कावीळ हा फार वाईट मास्तर आहे. समोर येईल त्याला पास करतो.

या मास्तरच्या जोरावर इतरांचंही भागतं. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात. पाणी पिवळं होतं आणि कावीळ 'उतरते'. तो साल आणि चुन्याचा खेळ, निरोगी माणसाच्या हातांनीही पाणी तसंच पिवळं होईल. देवडांगरी या कडू वेलीच्या फळाचं पाणी नाकात टाकण्याचा प्रकार मात्र खेळावारी नेण्यासारखा नाही. नाकातून पिवळं पाणी गळतं ते आतली त्वचा सोलवटल्यामुळे.

(दृश्य : प्रयोगशाळा. सावलीत वाळवलेली झाडं. भिंग.)

मग भुईआवळी तरी खरी का? तपासणीची पहिली पायरी साधी वाटते : हे झाड नेमकं कोणतं? भिंगाखाली फूल धरा. निदलं, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या पाकळ्या, पाच असतील तर फिलँथस अमारस, सहा असतील तर फिलँथस फ्रेटर्नस. बाजारच्या पुड्यात दोन्ही एकत्र येतात, नाव एकच. पण यकृताच्या संदर्भात ज्याचा गवगवा होतो ते फिलँथिन नावाचं रसायन अमारसमध्ये भरपूर आणि फ्रेटर्नसमध्ये नावापुरतं. म्हणून नमुना वाळवून, दाबून, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळल्या झाडांच्या संग्रहात, क्रमांक देऊन ठेवावा लागतो. जुने कितीतरी शोधनिबंध फिलँथस 'निरुरी' या तिसऱ्याच नावानं लिहिलेत. खरी निरुरी अमेरिकेकडची. त्या निबंधांत उंदरांना नेमकं काय पाजलं होतं, हे आज कोण सांगणार?

उंदरांचा प्रयोग बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा असतो. कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटॅमॉलचा मोठा डोस देऊन यकृत बिघडवायचं, काहींना झाडाचा अर्क द्यायचा, मग यकृत बिघडलं की रक्तात वाढणारं एसजीपीटी मोजायचं. अर्क दिलेल्या उंदरांत ते कमी निघालं की निबंध तयार. अशा निबंधांना तोटा नाही. पण विषानं होरपळलेलं यकृत आणि विषाणूनं सुजलेलं यकृत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विषाणूपर्यंत प्रश्न नेला तो बारूख ब्लूमबर्ग यांच्या गटानं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधून काढल्याबद्दल त्यांना १९७६ साली नोबेल मिळालं होतं. १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं, की या झाडाचा अर्क काचनळीत बी विषाणूचं एक विकर (एन्झाइम) अडवतो. पुढच्याच वर्षी मद्रासचे त्यागराजन आणि ब्लूमबर्ग यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अंगात बी विषाणू मुरलेल्या लोकांना वाळल्या झाडाची २०० मिलिग्रॅम पूड, दिवसातून तीनदा, ३० दिवस. पूड घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. नुसतीच दिखाऊ कॅप्सूल घेतलेल्या २३ जणांत असा एकच.

जगभर खळबळ उडाली. मग इतरांनी करून पाहिलं. थायलंडमध्ये १९९० साली तोच अमारस वापरला, खूण गेली नाही. २०११ मध्ये औषधांच्या चाचण्या पारखणाऱ्या कॉक्रेन गटानं सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, आणि दिखाऊ औषधापेक्षा फायदा झाल्याचा खात्रीचा पुरावा त्यांना सापडला नाही.

गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप हिपॅटायटिस बीचा. ओट्यावरच्या रांगेत दिसते ती कावीळ बहुधा वेगळीच.

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र. रक्ताचे नमुने.)

ओट्याच्या प्रश्नाला उत्तर हवं असेल, तर चाचणीही ओट्याजवळच्या काविळीची करायला हवी. रक्त तपासून ए की ई ते ठरवायचं. निम्म्यांना फिलँथिन मोजून भरलेली कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी. कुणाला काय मिळालं ते देणाऱ्यालाही माहीत नको. दर आठवड्याला रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, मोजायचं. एका गटाचं लवकर खाली आलं, तर आजोबांना मानायचं.

गरोदर बाई मात्र या चाचणीत नको, आणि ओट्यावरही नको. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला, तर दर पाचांत एक बाई दगावू शकते. तिला पाला न देता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. काविळीत झापड येऊ लागली, बरळणं सुरू झालं किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं, तर इतर कुणालाही.