गिरणीतून बागेत आलेली कात्री

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर दोन वस्तू ठेवल्यात. एक आपला टर्किश टॉवेल, आणि दुसरं हे ढकलून चालवायचं गवत कापायचं मशीन. मशीन बघून समोरच्या रांगेत कुणीतरी हसलं. हसा. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात हा माणूस लॉनवर बोलणार, असं वाटलं असेल. मी लॉनवर बोलणार नाही, मशीनवर बोलणार आहे. आणि मशीन समजायला सोलापूरकराइतका तयार श्रोता दुसरा मिळणार नाही.

आधी टॉवेल हातात घ्या. एका बाजूला फंदे, म्हणजे सुताचे उभे वेढे, जसेच्या तसे आहेत. दुसऱ्या बाजूवर हात फिरवला तर मखमल लागते. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरला तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच होत्या. नंतर एका बाजूचे फंदे वरच्यावर छाटले. ज्या मशीनवर ते छाटतात त्याला आपल्याकडे नुसतं शिअरिंग म्हणतात. त्यात एक रोळ असतो, रोळावर पिळाची पाती, आणि रोळाला चिकटून न हलणारी एक सरळ पट्टी. कापड तिथून जातं, फंदा पातं आणि पट्टी यांच्यात सापडला की गेला. आता हे गवताचं मशीन उलटं करतो. बघा. रोळ, पिळाची पाती, सरळ पट्टी. तिथं कापड मशीनकडे येतं, इथं मशीन गवताकडे जातं.

मी गिरणीत फिनिशिंग खात्यात फिटर होतो. पहिल्यांदा एका बंगल्यावर असलं मशीन दुरुस्तीला बघितलं तेव्हा मला वाटलं, आपल्या खात्यातलं कुणीतरी हे चोरून आणून त्याला चाकं लावलीत. पुढं वाचनात आलं की घडलंही जवळजवळ तसंच, फक्त चोरी नव्हती.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. लोकरी कापडाचं गाव, म्हणजे त्यांचं सोलापूरच म्हणा. लोकरी कापड विणून, खुंदून, म्हणजे तुडवून घट्ट करून झालं की त्यावर लव उभी करतात. पूर्वी ती लव कारागीर लांबलचक, अवजड कात्र्यांनी छाटत. हे काम करणारे लोक मानी आणि चांगले कमावणारे. यॉर्कशायरमध्ये छाटणीची यंत्रं आली तेव्हा १८१२ च्या सुमारास त्यांनी हातोडे घेऊन ती फोडली, हे इतिहासात प्रसिद्ध आहे. गिरणीचा भोंगा बंद झालेल्या गावात त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. पुढं स्ट्राउडच्या परिसरात पिळाच्या पात्यांचा फिरता रोळ आला. त्याच भागात थ्रप इथं एडविन बडिंग नावाचा मेकॅनिक होता. त्याला सुचलं, की कापडावरची लव जी कापते ती जमिनीवरची लव का कापणार नाही? ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळालं. भांडवल आणि कारखाना जॉन फेराबी या भागीदाराचा. पहिलं मशीन १९ इंच रुंदीचं, सगळं लोखंडी. मागून एक माणूस ढकलणार, आणि जड पडलं तर दुसरा पुढून ओढणार, म्हणून पुढंही एक दांडा. लोक हसतील म्हणून बडिंग रात्री अंधारात चाचण्या घ्यायचा, असं सांगतात. सुरुवातीच्या मशीनांपैकी एक लंडनच्या रीजेंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत गेलं. स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करायचा पाना आपण सगळे वापरतो. तसा एक पानाही याच बडिंगच्या नावावर आहे. १८४६ मध्ये तो वारला.

त्याआधी हिरवळ कापायची ती लांब दांड्याच्या विळ्यानं, भल्या पहाटे, गवतावर दव असताना. ओलं गवत जड असतं, विळ्याच्या फटक्याला वाकून निसटत नाही. बडिंगच्या मशीनला दव नको. कोरडं गवत यात जास्त चांगलं कापलं जातं. म्हणजे माळ्याला पहाटेची झोप मिळाली ती स्ट्राउडच्या कापडगिरणीमुळं.

आता मुख्य मुद्दा. हे पातं गवताला मारत नाही. पेट्रोलचं मशीन मारतं. त्यात सपाट पातं जमिनीला समांतर गरागरा फिरतं. २१ इंची पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धावतं. इतका वेग लागतो, कारण गवताच्या पात्याला पलीकडून आधार काहीच नाही. वाकायला वेळ मिळायच्या आत ते तुटलं पाहिजे. तुटतं, पण फाटल्यासारखं. पातं बोथट असेल तर दोन दिवसांनी सगळ्या हिरवळीचे शेंडे तपकिरी दिसतात. आपल्या मशीनमध्ये गवताला पलीकडून आधार आहे, तो म्हणजे ही पट्टी. म्हणून वेग लागत नाही. माणूस ताशी ४ किलोमीटरनं चालला तर या पाच इंच व्यासाच्या रोळावरच्या पात्याचा वेग सेकंदाला जेमतेम तीन मीटर. कात्री हळू चालवली तरी कापते, तसंच.

पण कात्रीची एक अट असते. शिंप्याच्या कात्रीचा मधला स्क्रू ढिला झाला की कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडतं, कापलं जात नाही. इथंही तेच. पातं आणि पट्टी यांच्यामध्ये केसभर फट पाहिजे, केसाहून कमीच म्हणा. जास्त झाली की गवत दुमडून आत जातं. अजिबात नसली, पातं पट्टीवर घासत राहिलं, तर मशीन ढकलता ढकलता छाती भरून येते आणि धार आठ दिवसांत संपते. माझ्या मते या मशीनमधलं बाकी सगळं, चाकं, गिअर, मागचं लाटणं, दांडा, ती केसभर फट सांभाळायला जन्माला आलंय.

पाती पिळाची का? सरळ असती तर सोळा इंच लांबीचं पातं एकाच क्षणी सगळ्या पट्टीवर आदळलं असतं. धक्का, मग मोकळं, पुन्हा धक्का. पीळ दिल्यामुळं पातं आणि पट्टी एका वेळी एका ठिकाणीच भेटतात आणि ती भेट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. एक पातं डाव्या टोकाला संपतंय तोवर पुढच्याचं उजव्या टोकाला सुरू झालेलं असतं. ढकलणाऱ्याच्या हाताला भार सारखा लागतो.

आता थोडा हिशेब. हे चाक २५ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे घेर साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. चाकाच्या आतल्या बाजूला दाते, त्यात रोळाच्या शाफ्टवरचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. चाकाचा एक फेरा झाला की रोळाचे पाच. रोळावर पाती पाच. म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर चालण्यात पंचवीस काप, दर तीन सेंटिमीटरच्या जरा वर एक. हरळी दीड इंचावर कापायची असेल तर हे बरोबर जमतं. पण कुणी हौसेनं तीच हरळी अर्ध्या इंचावर आणायला गेला, तर दोन कापांच्या मधलं गवत उंच राहतं आणि हिरवळीवर पत्र्याच्या छपरासारख्या लाटा दिसतात. लोक म्हणतात धार गेली. धार गेलेली नाही, हिशेब चुकलाय. गोल्फच्या मैदानावर चेंडूच्या खळीभोवतीचं गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवतात. तिथल्या रोळावर अकरा-अकरा पाती असतात ती उगाच नाही.

पिनियनच्या आत एक गंमत आहे. शाफ्टला आरपार खाच, खाचेत पोलादाचा एक सुटा चपटा तुकडा. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तोच कुत्ता. चाक पुढं गेलं की तो दातात अडकतो, रोळ फिरतो. चाक मागं आलं की टर्र आवाज करत घसरतो. दोन्ही चाकांना असा एकेक कुत्ता असल्यामुळं वळणावर कमाल होते. बाहेरचं चाक जास्त पळतं, तेच रोळ फिरवतं. आतलं मागं पडतं आणि त्याचा कुत्ता नुसता टरटरतो. मोटारीला वळायला जे डिफरन्शियल लागतं, त्यातलं निम्मं काम इथं दोन पोलादी तुकड्यांत झालंय.

याच कुत्त्यांनी माझी एकदा फजिती केली. एका गृहस्थांचं मशीन धार लावायला आणलं होतं. धार लावताना रोळ उलटा फिरवावा लागतो, ते पुढं सांगतो. त्यासाठी मी दोन्ही कुत्ते फिरवून बसवले, काम केलं, आणि परत सरळ करायचे विसरलो. मशीन पोचवलं. त्यांनी लॉनवर एक फेरी मारली, दुसरी मारली. "वा, काय सुंदर केलंत! फुलासारखं चालतंय." चालणारच. रोळ जागचा हलत नव्हता. माळी बाजूला उभा होता, तो हळूच म्हणाला, "काका, मशीन पळायलंय, पण गवत काय कापंना की."

दांड्याबद्दल एक सांगतो, विद्यार्थी आलेत म्हणून. पदार्थविज्ञानात तुम्ही शिकता, की लॉनवरचा रोलर ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं. ढकलताना आपल्या जोराचा काही भाग खाली जातो, रोलर आणखी जड होतो. बरोबर आहे. मग हे मशीन ढकलायचं का? कारण इथं तो खाली जाणारा जोर आपल्याला हवाच आहे. दांडा जमिनीशी ४० अंशात धरून दहा किलोचा जोर लावला, तर साडेसात किलोच्या वर पुढं जातो आणि साडेसहाच्या आत-बाहेर खाली. त्या खालच्या जोरानं चाकं जमिनीला धरतात. चाकांनी धरलं नाही तर ती नुसती घसरतात, रोळ थांबतो. चाकांवरच्या खाचा त्यासाठीच. परीक्षेत मात्र रोलरचंच उत्तर लिहा.

मागचं हे लाटणं कापाची उंची ठरवतं. वर चढवलं की पट्टी जमिनीजवळ येते. आपल्याकडं अडचण अशी, की काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि बागेत भराव घातलेला असतो मुरमाचा. एक खडा पातं आणि पट्टीच्या मध्ये आला की पात्याला खाच पडते. कापायच्या आधी खराट्यानं खडे झाडून घ्या. आणि गवत गुडघ्याएवढं वाढू देऊन मग हे मशीन बाहेर काढू नका. रोळाच्या आसापेक्षा उंच गवत आत येतच नाही, पुढच्या पुढं लोळतं. पावसाळ्यात महिनाभर सुटी घेणाऱ्या माणसाला हे मशीन चालत नाही. त्यानं आधी विळा घ्यावा.

आता धार. दारावर सायकलचं चाक फिरवत धारवाला येतो, त्याच्याकडं हा रोळ देऊ नका. त्याच्या कलेबद्दल मला आदर आहे, पण तो पात्याला चाकूसारखी धार काढेल. या पात्याला तशी धार नसते, चौकोनी कड असते. शिवाय पाचही पाती मिळून एक अचूक गोल नळकांडं व्हावं लागतं. एक पातं जरा जास्त घासलं गेलं तर ते पट्टीला भेटतच नाही. घरच्या घरी करायचं ते असं: गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बसवायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट घ्या, पात्यांच्या कडांना लावा, आणि रोळ उलटा फिरवा. सरळ फिरवला तर कड पट्टीत रुतते. उलट्यात कड घासत मागं जाते, आणि पातं व पट्टी एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाची होतात. पाच-दहा मिनिटं. मग सगळी पेस्ट रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन टाका, बेअरिंगमध्ये कण राहिला तर बेअरिंग खाईल. आणि कुत्ते सरळ बसवा.

पट्टीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू आहेत. एक पट्टी रोळाकडं ढकलतो, दुसरा लांब नेतो. एकदम फिरवायचं नाही. पाव फेऱ्याच्याही आत, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. फट मोजायचं फीलर गेज लागत नाही. वर्तमानपत्राचा एक तुकडा पुरतो. तो पट्टीवर धरायचा, रोळ हातानं फिरवायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडं कागद कात्रीनं कापल्यासारखा गेला पाहिजे. टोकांना कापतो आणि मधे दुमडतो असं झालं तर रोळ मधे झिजलाय, तो लेथवाल्याचं काम.

मी हे आज सकाळीच लावून आणलंय. खुर्च्या न हलवता एकेक जण पुढं या आणि कागद घालून बघा. रोळ मी फिरवतो. बोटं पट्टीपासून चार इंच लांब, आणि लहान मुलांना मागं धरा.