वळवाची वीज आणि दोन जातींच्या लहरी

नमस्कार, श्रोतेहो.

वळवाच्या दिवसांत दुपार कलली की बॅटरीवर चालणारा रेडिओ मिडियम वेव्हवर लावून घरात बसा. दूर क्षितिजावर वीज चमकते आणि त्याच क्षणी रेडिओत ‘कट्ट’ असा तुटक आवाज होतो. मग काही सेकंद शांतता, आणि त्यानंतर गडगडाट. एकाच विजेकडून तुमच्यापर्यंत तीन गोष्टी पोचल्या: डोळ्यांना लख्ख उजेड, रेडिओत खरखर आणि कानांना गडगडाट. यातली खरखर नात्याने कोणाच्या जवळची? कान म्हणतील, गडगडाटाच्या, कारण दोन्ही ऐकू येतात. पण ती उजेडाची सख्खी बहीण आहे, आणि गडगडाटाशी तिचा संबंध एवढाच की दोघींचा जन्म एका विजेतून झाला. हे नातं असं का, तेच आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

गडगडाटापासून सुरुवात करू. वीज पडते तेव्हा ढगातून जमिनीपर्यंत काही सेंटिमीटर जाडीच्या हवेच्या वाटेतून हजारो अँपिअरचा प्रवाह धावतो. त्या वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा असतो, म्हणजे त्याच्या पाचपटीहून जास्त. तापलेली हवा स्फोटासारखी फुगते आणि शेजारच्या हवेला दाबते. ती हवा तिच्या पुढच्या हवेला दाबते. एसटीच्या दारात मागून कोणी रेटा दिला की तो माणसामाणसातून थेट पायरीपर्यंत पोचतो, पण रेटा देणारा मात्र मागेच राहतो. तसाच दाब हवेतून पुढे सरकत जातो. हवेचे कण आपल्या जागेवरच पुढे-मागे हलतात, प्रवास करतो तो दाब. पदार्थाचे कण शेजारच्या कणांना हलवतात आणि लहर पुढे जाते, तिला आपण यांत्रिक लहर म्हणतो. ध्वनी, तळ्यातले तरंग, ताणलेल्या दोरीला दिलेला झटका, भूकंपात जमिनीतून धावणारा हादरा ही सगळी याच घरातली मंडळी.

गडगडाट इतका वेळ का लांबतो, हेही याच हिशेबात बसतं. वीज एका बिंदूवर पडत नाही, तिची वाट काही किलोमीटर लांब असते. तिचं खालचं टोक तुमच्यापासून दोन किलोमीटरवर आणि वरचं पाच किलोमीटरवर असेल, तर खालचा आवाज सहा सेकंदांत येतो आणि वरच्याला पंधरा लागतात. मधली नऊ सेकंदं आकाश गडगडत राहतं. उजेडही त्याच वाटेच्या प्रत्येक भागातून निघालेला असतो, पण त्याला एक किलोमीटर कापायला सेकंदाचा तीन लाखांवा भाग पुरतो. म्हणून डोळ्यांना अख्खी वाट एकाच वेळी दिसते.

आता उजेड. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या हंडीत विजेची घंटा ठेवून निर्वात पंपाने हवा काढून घेण्याचा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. रॉबर्ट बॉइल यांनी 17 व्या शतकात घड्याळ टांगून असाच प्रयोग केला होता. हवा कमी होत जाते तसा आवाज क्षीण होतो आणि शेवटी ऐकूच येईनासा होतो. पुस्तकं इथे थांबतात आणि लिहितात, ‘ध्वनीला माध्यम लागतं.’ मला मात्र त्याच हंडीतली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. आवाज बंद झाल्यावरही घंटेवर आपटणारा टोला आपल्याला स्वच्छ दिसत राहतो. त्याच रिकाम्या जागेतून उजेड अडखळल्याशिवाय बाहेर येतो. एकच हंडी दोन्ही जातींचा निवाडा करते.

पण रिकाम्या जागेत हलणारं तरी काय? या प्रश्नाने 19 व्या शतकातल्या शास्त्रज्ञांना फार सतावलं. लहर आहे म्हणजे कशाची तरी असणार, असं धरून त्यांनी सगळ्या अवकाशात ‘ईथर’ नावाचा अदृश्य पदार्थ भरलेला मानला. 1887 साली अमेरिकेत क्लीव्हलंड इथे मायकेलसन आणि मोर्ले यांनी अत्यंत नाजूक मोजणी करून पृथ्वीच्या गतीमुळे जाणवायला हवा होता तो ईथरचा प्रवाह शोधला. तो सापडला नाही. माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासात इतकं फळ देणारं ‘नाही’ क्वचितच मिळालं असेल.

उत्तराचा पाया तोपर्यंत जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी घालून ठेवला होता. सायकलचा डायनॅमो आठवा. त्यात चुंबक फिरतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि त्यातून वीज निर्माण होते. हा फॅरेडे यांचा 1831 चा शोध. मॅक्सवेल यांनी याची उलटी बाजूही मांडली: बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं. मग दोघांचं चक्र सुरू होतं. एकाच्या बदलातून दुसरं जन्मतं, दुसऱ्याच्या बदलातून पुन्हा पहिलं, आणि ही जोडी अवकाशातून पुढे निघते. शेजारी हलवायला कण असण्याची गरजच उरत नाही. प्रयोगशाळेत मोजलेल्या विजेच्या आणि चुंबकत्वाच्या आकड्यांवरून त्यांनी या लहरीचा वेग काढला, तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. 1865 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी लिहिलं की प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर आहे. 1887-88 मध्ये जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी ठिणग्यांमधून डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी निर्माण करून त्या पकडून दाखवल्या. 1895 च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तशाच, पण कितीतरी आखूड लहरी भिंतींपार पाठवून पलीकडची घंटा वाजवली.

हर्ट्झ यांच्या टेबलावरची ठिणगी लहान होती, वळवाची वीज प्रचंड मोठी. प्रवाह एकदम वाढतो आणि एकदम घसरतो, त्यामुळे भोवतालचं क्षेत्र झटक्यात बदलतं आणि रेडिओ लहरींचा एक झोत चारी दिशांना सुटतो. हीच तुमच्या संचातली खरखर. ती उजेडाबरोबर येते, कारण ती उजेडासारखीच लहर आहे, फक्त लांबीने, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतच्या अंतराने, कितीतरी मोठी. मिडियम वेव्हवर लहरीच्या उंचीतल्या चढउतारांत आवाज साठवलेला असतो, म्हणून विजेचा झोत त्यात सहज मिसळतो. एफएमवर आवाज कंप्रतेच्या, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या, बदलांत असतो, तिथे हा त्रास फारच कमी होतो.

पुणे केंद्राच्या जुन्या श्रोत्यांना ‘792 किलोहर्ट्झ’ हा आकडा तोंडपाठ असेल. या लहरीची लांबी 378.8 मीटर. आता कागद-पेन घ्या आणि 7,92,000 ला 378.8 ने गुणा. उत्तर जवळजवळ 30 कोटी मीटर येईल, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर. कोणत्याही केंद्राची कंप्रता आणि लहरीची लांबी घ्या, हवेत गुणाकार हाच येतो. आता पेटी घ्या आणि मधल्या सप्तकातली काळी एक दाबा. तो स्वर साधारण 277 हर्ट्झचा आणि हवेतली त्याची लांबी सव्वा मीटर. गुणाकार येतो सुमारे 346 मीटर. दोन्ही ठिकाणी गणित एकच, पण वेगांमध्ये आठ-नऊ लाख पटींचं अंतर.

आणि आता ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं, ती सांगतो. दोन्ही लहरींना हवेतून पाण्यात जाऊ द्या. ध्वनीचा वेग चौपटीहून जास्त वाढतो आणि सेकंदाला सुमारे 1,500 मीटर होतो. प्रकाशाचा मात्र कमी होऊन तीन चतुर्थांशावर येतो. असं उलट का? ध्वनीचा वेग ठरतो तो पदार्थ दाबाला किती विरोध करतो आणि किती जड आहे यावर. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड आहे, म्हणजे खरं तर ध्वनी मंदावायला हवा होता. पण दाबायला ते त्याहून कितीतरी पटींनी कठीण आहे, म्हणून धक्का झपाट्याने पुढे जातो. प्रकाशाला पदार्थाची गरजच नसते. वाटेत पदार्थ आला की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलू लागतात, त्यांच्याही लहरी मूळ लहरीत मिसळतात आणि एकूण लहर मागे पडते. ध्वनीला पदार्थ वाहून नेतो, प्रकाशाला तो रोखून धरतो.

रत्नागिरीहून किंवा मालवणहून निघालेल्या यांत्रिक नौकेवर हे दोन्ही नातेवाईक शेजारी शेजारी कामाला असतात. मासे शोधणारं यंत्र खाली ध्वनीचे ठोके पाठवतं, कारण खाऱ्या पाण्यात रेडिओ लहर थोड्याच अंतरात विरून जाते. जीपीएसला मात्र लहर वरून येते, 20,000 किलोमीटरहून अधिक उंचीवरच्या उपग्रहाकडून. पन्नास मीटर खोल तळाला जाऊन परत यायला ध्वनीला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो, आणि डोक्यावरच्या उपग्रहापासून नौकेपर्यंत पोचायला रेडिओ लहरीलाही तेवढाच वेळ लागतो. एकीने शंभर मीटर कापले, दुसरीने वीस हजार किलोमीटर.

आणखी एक फरक आहे. हवेतल्या ध्वनीत कण लहरीच्या वाटेनेच पुढे-मागे होतात, ती अनुतरंग. प्रकाशात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं वाटेला काटकोनात डोलतात, ती अवतरंग. पाण्यावरची चकाकी अडवणारा पोलरॉइडचा चश्मा याच डोलण्याची एक दिशा गाळून टाकतो. हवेतल्या आवाजासाठी असा चश्मा करताच येणार नाही. पण सगळ्या यांत्रिक लहरी अनुतरंग असतात, असं मात्र समजू नका. दोरीवरची लहर आडवी डोलते, आणि भूकंपात दोन्ही प्रकार निघतात.

आता शेतात असलेल्या श्रोत्यांसाठी या दोन वेगांतल्या फरकाचा उपयोग. वीज दिसली की सेकंद मोजायला लागा आणि गडगडाट ऐकू आला की थांबा. आलेल्या आकड्याला तीनने भागा, तितक्या किलोमीटरवर वीज पडली. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्याच बांधावर पडू शकते. ताबडतोब पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये किंवा विहिरीच्या पंपाजवळ थांबू नका. जवळ आसरा नसेलच, तर झाडांपासून आणि तारांपासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, पण जमिनीवर आडवे होऊ नका.

पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था विजेच्या याच रेडिओ लहरी ठिकठिकाणच्या संवेदकांनी पकडते. लहर कोणत्या संवेदकाला आधी लागली आणि कोणत्याला नंतर, या सूक्ष्म फरकावरून वीज कुठे पडली ते ठरतं, आणि त्यावरून ‘दामिनी’ ॲप तुमच्या मोबाइलवर इशारा देतं. गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही, पण विजेचा रेडिओ झोत शेकडो किलोमीटरवर पोचतो. म्हणून तुमच्या कानांच्या आधी या यंत्रणेला कळतं. ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा, लोकेशन चालू ठेवा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं झाल्याशिवाय शिवारात परतू नका.

नमस्कार.