मंडळी गायली पाहिजे

नमस्कार श्रोतेहो. आज ख्रिस्ती उपासनेतली गीतं आणि क्वायर, म्हणजे चर्चमधला गायकांचा गट, याबद्दल तुमच्याशी बोलायचंय, आणि माझं म्हणणं काय ते आधीच सांगून टाकतो. क्वायर कितीही सुंदर गात असला, पण समोर बसलेली मंडळी तोंड मिटून ऐकत असेल, तर उपासनेतलं गायन अर्धवटच राहिलं असं मला वाटतं. मी स्वतः क्वायरमध्ये बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गातो, क्वायरवर माझा जीव आहे, म्हणून तर इतकं कळकळीनं सांगतोय.

बायबलमध्येच बघा ना. शेवटचं भोजन झाल्यावर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, मत्तय आणि मार्क दोघांनीही हे लिहून ठेवलंय. थोड्याच वेळात अटक होणार होती आणि त्याआधी ही माणसं गायली. पुढे बायबलच्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौल आणि सीला हे दोन प्रचारक फिलिप्पै शहराच्या तुरुंगात आहेत, फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्र झालीय, आणि ते प्रार्थना करतायत, गातायत आणि बाकीचे कैदी ऐकतायत. तिथे कुठला ऑर्गन आणि कुठला क्वायर, दोन माणसांचा आवाज तेवढा होता.

इ.स. ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाच्या रोमन गव्हर्नरने सम्राट ट्राजनला एक पत्र लिहिलं, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय असं विचारणारं. त्यात तो म्हणतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात. हा माणूस बाहेरचा, ख्रिस्ती लोकांना शिक्षा देणारा, पण त्यांच्या उपासनेबद्दल जे थोडंफार त्याच्या कानावर गेलं त्यात गाणं होतं. आणि तेही आळीपाळीने, म्हणजे एक गट गाणार, दुसरा उत्तर देणार, दोन्हीकडे मंडळीच.

मग चौथ्या शतकात एक गंमत दिसते, एकाच शतकात दोन उलट्या गोष्टी. लावदिकीयाच्या धर्मसभेने नियम केला की चर्चमध्ये नेमलेल्या गायकांशिवाय इतरांनी गाऊ नये. कारण समजू शकतो, कोण काय गाईल याचा भरवसा नव्हता, चुकीची शिकवण गाण्यातून पसरायची. पण त्याच शतकात, ३८६ साली, मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांच्या हातून चर्च काढून घ्यायला राजदरबार टपला होता आणि लोक रात्रंदिवस चर्चमध्ये ठाण मांडून बसले होते. लोक खचू नयेत म्हणून तिथे पूर्वेकडच्या चर्चच्या पद्धतीने सगळ्यांनी मिळून गायला सुरुवात झाली. पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका त्या गर्दीत होती, आणि हे सगळं ऑगस्टीननेच लिहून ठेवलंय.

ऑगस्टीन पुढे एक फार प्रामाणिक गोष्ट लिहितो. चर्चमधलं गाणं ऐकून त्याला रडू यायचं, त्याच्या विश्वासाला त्याचा आधार होता, पण जेव्हा शब्दांपेक्षा सुरांनीच जास्त हलून जायला व्हायचं तेव्हा त्याला ते पाप वाटायचं, अशा वेळी गाणं ऐकलंच नसतं तर बरं असं वाटायचं. आणि तरीही तो शेवटी गाण्याच्याच बाजूने झुकतो. मला वाटतं प्रत्येक क्वायरमधल्या माणसाने हे वाचावं, कारण आपल्यालाही हे होतं, आपली हार्मनी, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचा मेळ, छान जुळली की आपण त्या हार्मनीवरच खूश होतो आणि आपण कोणाला उद्देशून काय म्हणतोय हे डोक्यातून निघून जातं.

मध्ययुगाबद्दल भरभर बोलतो. आधी ग्रेगोरियन चँट, म्हणजे सगळ्यांनी एकाच सुरावटीत गायचं गायन, मग अनेक आवाजांचं पॉलीफोनिक संगीत, काय एकेक अप्रतिम रचना झाल्या, त्यांना मी अजिबात नावं ठेवणार नाही. पण ते लॅटिनमध्ये होतं, कठीण होतं, आणि गाणारे मुख्यतः पाद्री, मठवासी आणि शिकलेले गायक.

१५२४ साली जर्मनीत एक छोटं पुस्तक निघालं, अवघी ८ गीतं, त्यातली ४ धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची, लोकांच्या बोलण्यातल्या जर्मनमध्ये. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ६२ वर्षांनंतरची गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. तोपर्यंत क्वायरच्या चार आवाजांच्या रचनेत मूळ चाल बहुतेक वेळा टेनरकडे, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाकडे असायची, मधेच कुठेतरी, वरून सोप्रानो आणि आल्टो हे दोन उंच आवाज, खालून बेस. बाकावर बसलेल्या माणसाला ती चाल पकडताच यायची नाही, मग गाणार काय? १५८६ मध्ये लुकास ओसियांडर नावाच्या पाळकाने ५० गीतं अशी बसवली की चाल सगळ्यात वर सोप्रानोकडे आणि बाकीचे तीन आवाज तिच्याखाली, साधे, तिच्याच लयीत चालणारे. उद्देश हाच की सगळ्या मंडळीला क्वायरबरोबर गाता यावं. आज आपण गीतपुस्तकात चार आवाजांचं गीत उघडतो आणि चाल सगळ्यात वर दिसते ना, ती पद्धत तिथपासून रुजत गेली. क्वायरने आपली कला सोडली नाही, फक्त मंडळीला जागा करून दिली.

गीताची बांधणीही मंडळीसाठीच आहे हे लक्षात घ्या. सगळ्या कडव्यांना एकच चाल, म्हणजे पहिलं कडवं ऐकून दुसऱ्यापासून कोणीही गाऊ शकतो. इंग्रजी गीतपुस्तकात गीताशेजारी ८.६.८.६ असे आकडे असतात, ते प्रत्येक ओळीतल्या उच्चारी अक्षरांचे, म्हणजे सिलॅबल्सचे. आकडे जुळले की एका गीताचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर साधारण बसतात. जॉन न्यूटन या इंग्रज पाळकाचं अमेझिंग ग्रेस हे गीत १७७३ च्या नवीन वर्षाच्या दिवशी पहिल्यांदा वापरलं गेलं, पण आज जी चाल जगभर गातात ती त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत एका गीतसंग्रहात जोडली गेली, तोपर्यंत न्यूटन जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

मग क्वायर कशाला, असं कोणी विचारेल. अहो, क्वायर लागतोच! नवीन गीत मंडळीच्या कानात कोण घालणार, दोन कडव्यांच्या मधे श्वास कुठे घ्यायचा, लय कुठे ओढायची नाही, हे लोकांना भाषणातून कळत नाही, शेजारी कोणी ठामपणे गात असलं की आपोआप कळतं. आणि अंत्यविधीला बघा. घरचे लोक पुढच्या बाकावर, हातात पुस्तक उघडं, पण पहिल्या ओळीलाच आवाज फुटत नाही. तेव्हा मागून चार आवाज तीच ओळ उचलतात आणि त्यांचं गीत त्यांच्या वतीने पूर्ण करतात, कधी कधी शेवटच्या कडव्याला घरातलं एखादं माणूस हळूच गायला लागतं. त्या वेळेला क्वायर म्हणजे काय हे मला पुरेपूर पटतं.

कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या मोठ्या सभेत, १९६३ साली हे दोन्ही एकत्रच सांगितलं, क्वायरला जोपासा, आणि त्याच वेळी सगळ्या मंडळीला आपला भाग गाता येईल हेही बघा. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने तर १७६१ मध्ये गाण्याच्या सूचनाच छापल्या, त्याचं म्हणणं असं की सगळ्यांनी गा, अर्धमेल्यासारखं गाऊ नका, पण इतरांपेक्षा आपलाच आवाज वर यावा म्हणून ओरडूही नका, आणि प्रत्येक शब्द देवाला उद्देशून म्हणा.

तर क्वायर चालवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, काही अगदी प्रॅक्टिकल गोष्टी. गीत उंच पट्टीत घेऊ नका, सोप्रानोला वरचे सूर आवडतात पण बाकावरच्या माणसाचा आवाज तिथे पोचत नाही आणि तो गप्प होतो, एक-दोन सूर खाली घेतलं तर काही बिघडत नाही. नवीन गीत एकदा गाऊन सोडून देऊ नका, लागोपाठ तीन-चार रविवार घ्या, पहिल्या रविवारी एकच आवाज, हार्मनी नंतर. माइकचा आवाज इतका ठेवा की माणसाला शेजारच्याचं गाणं ऐकू येईल, नाहीतर तो गातोय की नाही याने काहीच फरक पडत नाही असं त्याला वाटतं. आणि एखाद्या ओळखीच्या गीताचं मधलं एक कडवं पियानो, ऑर्गन सगळं थांबवून नुसतं मंडळीला गाऊ द्या, तिथे क्वायरनेही फक्त मूळ चालच गावी.