तीन फासे पुरतात

तीन फासे. साधे, सहा बाजूंचे. सोबत पेन्सिली, खोडरबर आणि चार कोरे कागद. पट नाही, सोंगट्या नाहीत.

हा 'गर्प्स', एक रोलप्लेइंग खेळ: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याची गोष्ट खेळायची. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८६ साली काढलेला. तेव्हा बहुतेक रोलप्लेइंग खेळ एकेका जगाला जखडलेले असत. तलवारी सोडून अंतराळात जायचं, तर नियम पुन्हा पहिल्यापासून शिका! इथे एकदाच शिकायचे.

आता हा एका पात्राचा कागद जवळून बघा. बळ, चपळाई, बुद्धी, तब्येत. चारही रकान्यांत १०, तेवढे फुकट. पुढचं सगळं पॉइंट मोजून विकत घ्यायचं. डाव चालवणाऱ्या सूत्रधाराने दिलेत १५०. चपळाई १० ची १२ केली, ४० पॉइंट गेले. पेन्सिल थांबली. खोडरबर फिरलं, पुन्हा लिहिलं गेलं. मग खाली आलं: 'एकच डोळा'. १५ पॉइंट परत!

मला या खेळातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. उणीव लपवायची नसते, ती मांडली की तिचं मोल मिळतं. आणि मग खेळभर ती निभवावी लागते. अंतराचा अंदाज चुकतो, नेम हुकतो.

कुलूप उघडायचं आहे. कौशल्य १२. तिन्ही फाशांची बेरीज १२ किंवा त्याहून कमी आली की जमलं. एकूण २१६ शक्यता, त्यातल्या १६० बाजूने. चार... तीन... पाच. बरोबर बारा!

हे कुलूप किल्ल्याच्या दाराचं होतं. तेच यानाचं असतं तरी फासे हेच, बेरीज हीच. फक्त कौशल्यापुढे तंत्रज्ञानाची पातळी लिहायची: अश्मयुगाची ०, सगळ्यात पुढची १२. किल्ल्यातला चोर यानात नेला, तर परक्या पातळीचा दंड बसणारच.

१ मार्च १९९० ला अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने हा खेळ काढणाऱ्या कंपनीवर छापा घातला, 'गर्प्स सायबरपंक' या तेव्हा तयार होत असलेल्या पुस्तकाच्या मजकुरासकट संगणक उचलून नेले. १९९३ मध्ये कंपनी सीक्रेट सर्व्हिसविरुद्धचा खटला जिंकली.

टेबलावरचं हे पातळ पुस्तक 'गर्प्स लाइट'. फुकट मिळतं, पानं ३२. आजचा बराचसा डाव यावरच चाललाय.

दार उघडलंय. फासे पलीकडच्या हातात गेलेत.