न्यू ऑर्लिन्सचा २९ ऑगस्ट

(पडद्यावर: आकाशातून दिसणारं शहर. खाली नदीचं मोठं वळण, वरच्या बाजूला सरोवर.)

अमेरिकेच्या दक्षिणेतलं न्यू ऑर्लिन्स. एका अंगाला मिसिसिपी, दुसऱ्या अंगाला पॉन्चरट्रेन सरोवर, आणि मधलं जवळपास निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली. १७१८ साली फ्रेंचांनी वसाहत केली ती नदीकाठच्या उंचवट्यावर. मागच्या दलदलीच्या वाटेला ते गेले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताकदीचे पंप आले, दलदल उपसली गेली, तिथे घरं उभी राहिली. पाणी निघालं तशी जमीन खचत गेली. तेव्हापासून हे शहर बांध, भिंती आणि पंपांच्या भरवशावर जगतंय.

इथला वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. ऑगस्ट सरता सरता तो ऐन भरात येतो. तरीही सोळा वर्षांत एकच तारीख तीनदा यावी, हे इथल्या लोकांच्या फार जिव्हारी लागलं आहे.

(पडद्यावर: २९ ऑगस्ट २००५, सोमवार.)

सकाळी सहाच्या सुमारास कतरिना हे चक्रीवादळ शहराच्या आग्नेयेला, ब्युरास इथे किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम आदल्या दिवशी सकाळी निघाला होता. ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले. ज्यांच्याकडे नव्हती त्यातले हजारो लोक सुपरडोम स्टेडियममध्ये जाऊन बसले, बाकीचे घरातच राहिले.

वादळाचा डोळा शहराच्या पूर्वेकडून निघून गेला. शहर बुडालं ते भिंती फुटल्यामुळे. इंडस्ट्रियल कॅनालची भिंत कोसळली आणि लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय, कष्टकरी वस्तीवर पाण्याचा लोंढा आला. घरं पायापासून सुटून रस्त्यावर आली. एक अख्खा मालवाहू बार्ज भिंतीच्या भगदाडातून वस्तीत घुसला. १९६५च्या बेट्सी वादळात याच भागात लोक माळ्यावर अडकून मेले होते, म्हणून कित्येक घरांत माळ्यावर कुऱ्हाड ठेवायची रीत पडली होती. त्या सोमवारी ज्यांच्या हाताशी कुऱ्हाड होती, ते छप्पर फोडून बाहेर आले.

आता हा सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कॅनाल नीट पाहा. इथे पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. भिंतीखालची माती भुसभुशीत होती, आधारासाठी ठोकलेले पोलादी पत्रे हवे तितके खोल गेलेले नव्हते. पाण्याचा रेटा आला आणि बांध भिंतीसकट मागे सरकला. रचनेतच चूक होती, हे बांधणाऱ्या लष्कराच्या अभियंता विभागाने पुढच्या वर्षी कबूल केलं. म्हणून कतरिनाला नुसती नैसर्गिक आपत्ती म्हटलेलं इथे कुणी ऐकून घेत नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. शेवटचं पाणी उपसायला ऑक्टोबर उजाडला.

(पडद्यावर: एका दारावर रंगाने मारलेली फुली.)

ही फुली शोधपथकांची. वरच्या कोनात तारीख, डावीकडे पथकाचं नाव, उजवीकडे घरातला धोका, खाली किती माणसं सापडली, जिवंत की मेलेली. कुणी नसेल तर शून्य. काही घरमालकांनी दुरुस्ती केली, रंग दिला, पण ही फुली मुद्दाम पुसली नाही.

पियानोवादक फॅट्स डॉमिनो याच लोअर नाइन्थचे. ते गेले असं समजून कुणीतरी त्यांच्या घरावर श्रद्धांजली लिहून टाकली होती. प्रत्यक्षात त्यांना होडीतून बाहेर काढलं होतं.

ज्या मृतदेहांवर कुणीच हक्क सांगितला नाही, त्यांना २९ ऑगस्ट २००८ रोजी चॅरिटी हॉस्पिटलच्या जुन्या दफनभूमीतल्या स्मारकात जागा मिळाली. त्याच दिवशी शहर गुस्ताव्ह वादळाच्या धास्तीने आवराआवर करत होतं.

(पडद्यावर: २९ ऑगस्ट २०१२.)

आयझॅक. वारा त्या मानाने कमी, पण वादळ जागचं हलेना. शहरात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. एव्हाना चौदा अब्ज डॉलरहून अधिक खर्चून नवे बांध, दरवाजे आणि पंप झाले होते, पूर्वेला बोर्न सरोवराच्या तोंडाशी जवळपास तीन किलोमीटर लांबीची भिंत उभी होती. सगळं टिकलं. बुडाली ती या तटबंदीबाहेरची गावं, ब्रेथवेट आणि लाप्लास. भिंत कुठून जाते, यावर कोण वाचणार हे ठरतं.

(पडद्यावर: २९ ऑगस्ट २०२१, रविवार.)

कतरिनाला बरोबर सोळा वर्षं. आयडा ताशी २४० किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर आलं, म्हणजे कतरिनाहून जोरकस. मिसिसिपी काही तास उलटी वाहिली. वादळ इतक्या झपाट्याने वाढलं की तटबंदीच्या आतल्या लोकांना सक्तीने हलवायला वेळच उरला नाही. बांध पुन्हा टिकले. पण शहराला वीज पुरवणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या तुटल्या, नदीकाठचा एक महाकाय मनोरा लोळागोळा झाला आणि अख्खं शहर अंधारात गेलं.

मग सुरू झाला उकाडा. न एसी, न पंखा, न लिफ्ट. वृद्धांसाठीच्या इमारतींमध्ये म्हातारी माणसं वरच्या मजल्यांवर अडकली. पोलीस, आरोग्य कर्मचारी दारं ठोठावत पोचले तेव्हा काही जण गेलेले होते. शहरातले बहुतेक मृत्यू या उकाड्याने झाले. सोळा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते मागे राहिले होते. या वेळी ज्यांना जिना उतरता येत नव्हता ते. पाणी अडवायला अब्जावधी खर्च करणाऱ्या व्यवस्थेला एकेका इमारतीत एक जनरेटर जड व्हावा, याची चीड येते.

२००० साली शहरात ४ लाख ८५ हजार लोक होते. २०२०च्या जनगणनेत ३ लाख ८४ हजार भरले. लोअर नाइन्थमध्ये आजही दोन घरांच्या मध्ये रिकामे, गवताळलेले प्लॉट दिसतात. दर २९ ऑगस्टला तिथे, भिंत फुटली त्या जागी, लोक जमतात. मृतांची नावं वाचली जातात, मग ब्रास बँड पुढे आणि लोक नाचत मागे, अशी इथल्या रीतीची मिरवणूक निघते.

आणि नवे बांध? तेही खचत आहेत. माती दबते, समुद्र चढतो. काम संपून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाच, २०१९ साली, अभियंता विभागाने सांगून टाकलं की लवकरच हे बांध ठरलेल्या पातळीला पुरे पडणार नाहीत. ते वेळोवेळी उंच करावे लागणार, आणि त्याचे पैसे प्रत्येक वेळी वॉशिंग्टनकडून मंजूर करून आणावे लागणार.