रांग सोडून गेलेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' ऐकून ऐकून तुम्हीही कधीतरी फोन ठेवून दिला असेल. त्यानंतर त्या व्यवस्थेच्या हिशेबात तुमचं काय होतं, यावर आज बोलायचं आहे.

रांगांचं गणित टेलिफोनच्या कामातूनच उभं राहिलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग यांनी १९१७ मध्ये दोन सूत्रं मांडली. एकात लाइन मोकळी नसली की कॉल तिथंच संपतो. दुसऱ्यात माणूस थांबतो, आणि कितीही वेळ थांबतो. इतकी सबुरी कुणाकडेच नसते. ती मर्यादा गणितात आणली स्वीडनच्या कॉनी पाल्म यांनी, १९४० च्या दशकात.

फरक केवढा पडतो बघा. समजा, दहा जण फोन घेतात आणि एका कॉलला पाच मिनिटं लागतात. म्हणजे तासाला १२० कॉल. येतात मात्र १३०. सगळे थांबून राहिले, तर रांग दर तासाला दहाने वाढतच जाईल. प्रत्यक्षात ती कुठेतरी स्थिरावते, कारण तासाला दहाएक जण वैतागून फोन ठेवतात. रांग आटोक्यात राहते ती त्यांच्या जाण्यामुळे. आणि सरासरी प्रतीक्षा अनेकदा फक्त फोन लागलेल्यांचीच मोजतात! हे मला अन्यायाचं वाटतं.

सबुरी मोजायची तरी कशी? सातव्या मिनिटाला जो गेला, त्याची सबुरी सात मिनिटांची. चौथ्या मिनिटाला ज्याचा नंबर लागला, त्याची? चारपेक्षा जास्त, एवढंच कळतं. म्हणून फक्त सोडून गेलेल्यांची सरासरी काढली, की लोक आहेत त्याहून उतावीळ दिसतात. औषधांच्या अभ्यासात, अभ्यास संपेपर्यंत हयात असलेल्या रुग्णांबाबत हाच पेच पडतो. त्यासाठी काप्लान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दिलेली पद्धत इथंही लागू पडते.

फोनवरची रांग दिसत नाही, म्हणून 'तुमच्या पुढे इतके जण आहेत' हे सुरुवातीलाच सांगावं. ऐकून काही जण फोन ठेवतील, हे खरं. पण ते पहिल्या मिनिटाला ठेवतील, पंधराव्या मिनिटाला नाही.

अनेक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत 'न तपासताच गेलेले रुग्ण' हा आकडा वेगळा ठेवतात. काही ठिकाणी तर दुसऱ्या दिवशी अशा रुग्णाला फोन करून विचारतात, आता कसं वाटतंय?